पंडिता रमाबाई : परदेशातील सहा वर्षे

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. आणि दुसरी, त्या ख्रिस्ती झाल्या. पहिलीविषयी आदराने बोलले जाते, दुसरीविषयी जरा आवाज खाली आणून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. तो संबंध ज्या काळात जुळला तो काळ म्हणजे १८८३ ते १८८९ ही त्यांची परदेशातील सुमारे सहा वर्षे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या वर्षांविषयीच लिहावयाचे आहे. आधीचे आणि नंतरचे चरित्र लागेल तेवढेच घेतले आहे.

आपल्या अंकात मराठी आणि कानडी असे दोन विभाग असतात. रमाबाईंवर या दोन्ही विभागांचा सारखाच हक्क आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्या जेथे उगम पावतात त्या सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. घरची भाषा मराठी, भोवतालचा मुलूख कानडी. अनंतशास्त्र्यांना तरुणपणी पुण्यात एक दृश्य पाहावयास मिळाले होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवीत असत. स्त्रीही संस्कृत शिकू शकते ही गोष्ट त्यांच्या मनात जी बसली ती बसलीच. पुढे पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविण्यास आरंभ केला तेव्हा गावात बोभाटा झाला, आणि शास्त्रीबोवांना उडुपीस विद्वानांच्या सभेपुढे जाऊन आपल्या कृत्याला शास्त्राचा आधार दाखवावा लागला. तो त्यांनी दाखविला. लक्ष्मीबाई शिकल्या, आणि त्यांनी पहाटेच्या अंधारात उठवून आपल्या धाकट्या मुलीला शिकविले. ती मुलगी म्हणजे रमा.

पुढचे दिवस भटकंतीचे आणि हालाचे होते. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत देशभर फिरले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे एकामागून एक गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघांनी अनवाणी पायांनी हजारो मैल तुडविले. व्रते केली, मूर्तींपुढे अनुष्ठाने केली, जवळचे होते नव्हते ते दानात घातले, आणि तरीही पोटाची आग शमली नाही. येथेच त्यांची जुनी श्रद्धा तुटली असे पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेद दिला. म्हणजे बाहेरून सन्मान होत होता, आणि आत मात्र कशावरच विश्वास उरलेला नव्हता!

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. आसामात सिल्चर येथे त्यांचे घर होते. त्या घरातील पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली, आणि एका मिशनरी गृहस्थाकडून त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा ऐकल्या. पतीला ही गोडी फारशी रुचली नाही. पण तो प्रश्न वाढण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने त्यांचा अंत झाला. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरात दहा महिन्यांची मनोरमा होती.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन या देशात स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षक का हवेत हे सांगितले. ही साक्ष देता देताच आपण स्वतः वैद्यकी शिकावी असे त्यांच्या मनाने घेतले असावे. त्यासाठी विलायतेस जाणे भाग होते, आणि विलायतेस जाण्यासाठी इंग्रजी. इंग्रजी शिकविणाऱ्या मिशनरी बाईंच्या हाताखाली त्यांनी नवा करार वाचला. पंचहौद येथील अँग्लिकन भगिनींशी परिचय झाला. नीळकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशीही गाठ पडली. काशीत वाढलेले आणि १८४८ साली ख्रिस्ती झालेले हे चित्पावन पंडित म्हणजे रमाबाईंना आपल्या वडिलांच्याच जातीचा, आपल्याच तऱ्हेने वाद करणारा माणूस भेटला.

प्रवासाचा खर्च त्यांनी कोणाच्या धर्मादायातून घेतला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून तो उभा राहिला. इंग्लंडात राहण्याजेवण्याची सोय वाँटेज गावच्या सेंट मेरी या भगिनीसंघाने करावयाची आणि त्याबदल्यात हिंदुस्थानात येऊ पाहणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावयाचे, असा करार ठरला. धर्म बदलण्याचा आपला मुळीच विचार नाही असे त्यांनी निघण्यापूर्वी स्पष्ट सांगितले होते. २० एप्रिल १८८३ रोजी त्यांनी मुंबई सोडली. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. या प्रवासाचे वर्णन त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना पत्ररूपाने लिहून पाठविले आणि ते त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापले गेले. मराठीत स्त्रीने लिहिलेली प्रवासवर्णने शोधू लागलो की अगदी आरंभी हे छोटे पुस्तक भेटते.

वाँटेज हे ऑक्सफर्डपासून फार दूर नसलेले एक शांत गाव. तेथील मठात पहाटेपासून रात्रीपर्यंत घंटेवर चालणारे जीवन होते. त्या शिस्तीने किंवा प्रार्थनामंदिराच्या गांभीर्याने रमाबाई भारावल्या असे दिसत नाही. अनुष्ठाने आणि देवळांतल्या घंटा त्यांनी लहानपणापासून पुष्कळ पाहिल्या होत्या. ज्या गोष्टीने त्यांचे मन हलले ती लंडनमध्ये, फुलहॅम येथे घडली. या भगिनीसंघाने तेथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालविले होते. एका भगिनीने रमाबाईंना तेथे नेले. त्यांनी पाहिले की ज्या बायकांना समाजाने रस्त्यावर टाकले होते त्यांच्यापैकी कित्येकजणी तेथे राहून पूर्णपणे बदलल्या आहेत. इतकेच नव्हे, तर स्वतःच आता दुसऱ्या दुर्दैवी स्त्रियांची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करीत आहेत.

हे दृश्य रमाबाईंना का चटका लावून गेले ते समजण्यासाठी त्यांच्यासारखे वाढलेले असावे लागते. धर्मशास्त्रे त्यांना मुखोद्गत होती. पतित स्त्रीला शास्त्राने काय शिक्षा सांगितली आहे हे त्या श्लोकासह म्हणून दाखवू शकत होत्या. तिच्याविषयी दया दाखवावी, तिला उठवून पुन्हा माणसांत बसवावे, असे मात्र त्यांनी कोठे वाचलेले नव्हते आणि देशभर फिरून कोठे पाहिलेले नव्हते. त्यांनी सोबतच्या भगिनीला विचारले की ख्रिस्ती लोक या स्त्रियांची एवढी काळजी का घेतात. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि तिच्याशी बोलत बसलेल्या ख्रिस्ताची कथा वाचून दाखविली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई, आणि उपासना कोठे व कशी करावी याविषयीचे सर्वात गहन बोलणे तो तिच्याशी करतो! पंडितांच्या सभा गाजविलेल्या रमाबाईंना यातले मर्म कळण्यास वेळ लागला नाही.

याच सुमारास गोऱ्हेशास्त्र्यांचे हिंदुस्थानातून येणारे लेखन त्यांच्या बुद्धीच्या शंकांना उत्तरे देत होते. मनाची बाजू फुलहॅमने जिंकली होती, बुद्धीची बाजू गोऱ्ह्यांनी सांभाळली.

पण त्याच महिन्यांत एक भयंकर गोष्ट घडली, आणि कित्येक चरित्रकार तिच्यावरून घाईने पुढे जातात. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचे मन त्या परक्या मठात ठिकाणावर राहिले नाही. आपल्याला बळाने बाटवतील अशा भीतीने त्यांना पछाडले आणि त्यांनी आत्महत्या केली. एवढ्या दूरदेशी रमाबाईंच्या मायबोलीचे दुसरे माणूस नव्हते. त्यांची प्रकृती ढासळली. प्राध्यापक मॅक्समुल्लर यांनी त्यांना काही दिवस ऑक्सफर्ड येथे आपल्या घरी ठेवून घेतले. या धक्क्याचा आणि त्यानंतरच्या निर्णयाचा नेमका काय संबंध होता हे ठरविणे बाहेरच्या माणसाला शक्य नाही. घटना एवढीच की २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मेरी रमा हे नाव त्यांना मिळाले, आणि भगिनी जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या.

बातमी पुण्यास पोहोचताच वर्तमानपत्रांतून काहूर उठले. ज्यांनी काल त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांना आज आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकांतून त्यांची बाजू घेतली. इकडे मठातल्या मंडळींना वाटले की एक मोठे काम पार पडले. आता ही विदुषी सांगितल्या वाटेने चालेल. दोघांचाही अंदाज चुकला. रमाबाईंच्या श्रद्धेची वाढ खऱ्या अर्थाने बाप्तिस्म्यानंतर सुरू झाली, आणि ती सरळ रेषेत झाली नाही.

वैद्यकी शिकण्याचा बेत तर सुरुवातीलाच सोडावा लागला, कारण त्यांना नीट ऐकू येत नसे. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकत आणि संस्कृत शिकवीत. कॉलेजच्या प्राचार्या डॉरोथिया बील या स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात इंग्लंडात नामांकित होत्या. विद्यार्थिनीने प्रश्न विचारला तर त्यांना राग येत नसे. आपल्यापैकी जे अध्यापन करतात त्यांनी त्या दोघींचा पत्रव्यवहार अवश्य वाचावा. भगिनी जेराल्डिन यांनी जपून ठेवलेली ही पत्रे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली. रमाबाईंचे या काळातले मन त्यांत जसे दिसते तसे दुसऱ्या कशात दिसत नाही.

वाद कोणकोणते झाले ते पाहण्यासारखे आहे. बील बाईंच्या मनात होते की रमाबाईंनी इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे. हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली की पुरुषांना शिकविले तर हिंदुस्थानातील स्त्रियांत या बाईचे वजन राहणार नाही. रमाबाईंना याचे हसू आले असावे आणि संतापही. माझ्या आईने तरुण मुलांना शिकविले त्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकविले त्याला माझ्या नवऱ्याने घेतली नाही, आणि आता इंग्रज लोक ती घेत आहेत याचे आपल्याला आश्चर्य वाटते, अशा आशयाचे त्यांनी लिहून कळविले. ज्या स्त्रीने कलकत्त्यात शेकडो पुरुषांपुढे व्याख्याने दिली तिला स्त्रीची मर्यादा समजावून सांगण्याचा हा उपद्व्याप होता.

दुसरा वाद क्रुसाचा. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही आणि माझ्या देशातील लोकांनाही येत नाही. अक्षरे हवीतच तर संस्कृत असू द्या. देवाला लॅटिन अधिक जवळचे आहे काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. तिसरा वाद खाण्याचा. अंडी घातलेला पदार्थ त्या खात नसत, आणि जन्मभर शाकाहारी राहिल्या. हा जातीचा गर्व अजून गेला नाही असे भगिनी जेराल्डिन यांना वाटे. रमाबाईंचे म्हणणे असे की ख्रिस्ताने मला मोकळे केले आहे, ते मोकळेपण मी इंग्रज होण्यासाठी वापरावे असे कोठे आहे? मी हिंदू स्त्री आहे आणि पूर्वजांच्या ज्या चालीत पाप नाही त्या मी पाळणार. मनोरमेलाही इंग्रज मुलीसारखी वाढवू नका, असा त्यांचा आग्रह होता.

हे झाले बाहेरचे. आतला वाद यापेक्षा खोल होता. बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणावयाचे साधे श्रद्धावचन त्यांना मान्य होते. पण चर्चने शतकानुशतके त्यावर रचलेल्या सगळ्याच मतसूत्रांवर सही करण्यास त्या तयार नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांना शंका होत्या. अथनेसियसच्या नावे चालणाऱ्या मतसूत्रात अमुक न मानणाऱ्याचा नाश होईल असे जे म्हटले आहे ते त्यांच्या गळी उतरेना. भगिनी जेराल्डिन यांनी शंकांना अहंकार म्हटले. बील बाईंनी त्यांना उत्तरे देण्याचा प्रयत्न केला, ती न पटली तेव्हा वाट पाहिली. रमाबाईंनी एका पत्रात आपली भूमिका कळविली आहे, तिचा मथितार्थ असा: भटभिक्षुकांचे जू मी नुकतेच मानेवरून काढून फेकले आहे, आता दुसऱ्या उपाध्यायांनी सांगितले एवढ्याच कारणाने ते देवाचे म्हणणे आहे असे मानून मी नवे जू घेणार नाही. विवेक दिला आहे तो वापरावयासाठी.

यात पणाला काय लागले होते ते लक्षात घेतले पाहिजे. ही स्त्री सर्वस्वी एकटी होती. स्वदेशाचे दार बाप्तिस्म्याने जवळजवळ बंद झालेले. राहणे, जेवण, शिक्षण, मुलीचा सांभाळ, सगळे या भगिनींच्या हाती. त्यांनी पाठ फिरविली असती तर परक्या मुलखात पोर घेऊन जावयाचे कोठे? हो ला हो म्हणणे किती सोपे होते! आणि हेही सांगितले पाहिजे की भगिनी जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. त्यांनी रमाबाईंवर मनापासून माया केली, पैसा आणि वर्षे खर्च केली, आणि भांडणे झाली तरी नाते तुटू दिले नाही. रमाबाईही त्यांना शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. एक बाई कृतज्ञ होती आणि आज्ञाधारक नव्हती, एवढाच काय तो पेच. आपल्याकडे अजूनही हा पेच पुष्कळांना सुटत नाही.

१८८६ च्या आरंभी अमेरिकेचे बोलावणे आले. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या, आणि त्या सोहळ्यास रमाबाईंनी यावे असे डीन रेचेल बॉडले यांनी कळविले होते. रमाबाईंचे दूरचे नातेही जोश्यांशी लागत होते. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. जगाच्या त्या टोकाला दोन मराठी तरुणी समोरासमोर आल्या. एक ख्रिस्ती झालेली, दुसरी हिंदूच राहिलेली. वर्ष उलटण्याच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या.

रमाबाई थोडे दिवस म्हणून गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. अमेरिकेने त्यांना मोकळी हवा दिली. मठाची घंटा नव्हती. बालोद्यान पद्धती त्या शिकल्या, शाळा पाहिल्या, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहिले, ते आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले, आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालविण्याचे त्याने पत्करले. ही मदत कोणा एका पंथाची नव्हती. निरनिराळ्या पंथांची माणसे त्यात होती, आणि शाळेत धर्माची सक्ती असणार नाही ही अट स्वतः रमाबाईंना मान्य होती.

धर्माच्या बाबतीत मात्र अमेरिकेने त्यांना गोंधळातही टाकले. इंग्लंडात एका चर्चची शिस्त जाचत होती; येथे पाहावे तो पंथच पंथ. आपल्या देशातील संप्रदाय सोडून आलेल्या बाईला येथेही मठ, फाटे आणि उपफाटे भेटले. त्या कोणत्याही एकात शिरल्या नाहीत. सगळ्यांकडे गेल्या, सगळ्यांचे ऐकले, आणि शुभवर्तमान हाताशी ठेवले. या प्रवासाचे सविस्तर मराठी पुस्तक त्यांनी परतल्यावर १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांविषयीची प्रकरणे वाचताना बाईंची नजर सतत घराकडे लागलेली जाणवते.

नोव्हेंबर १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपान-चीनमार्गे त्या १८८९ च्या आरंभी मुंबईस आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झालेल्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढील वर्षी सदन पुण्यास गेले.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर हे चरित्र खोटे होईल. परदेशातून रमाबाई पूर्ण श्रद्धा घेऊन परत आल्या असे त्यांना स्वतःलाच पुढे वाटेनासे झाले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य उपदेशक असूनही आतून कोरडा होता, आणि एके दिवशी व्यासपीठावर बोलता बोलताच त्याचा पालट झाला. वाचता वाचता रमाबाईंना आपली ओळख पटली. आठ वर्षांपूर्वी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि पुढे इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात तो लपविला नाही. इतके वाद, इतकी पत्रे, इतके ग्रंथ झाल्यावर ज्या गोष्टीने त्यांना शांती दिली ती वादाची नव्हती. तरीही त्या वादांवाचून हे घडले असते असे मला वाटत नाही. उसन्या मताने शांत झालेल्या माणसाला आपण रिकामे आहोत हे कळतच नाही.

या नव्या शांतीची किंमत लगेच मोजावी लागली. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागार मंडळ बाहेर पडले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही. सदन निधर्मी राहील या भरवशावर त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता, आणि संचालिकेचे उघडे दार म्हणजे शिकवणुकीचाच एक प्रकार नव्हे काय, हा प्रश्न रास्त होता. रमाबाईंचे उत्तर हेच की प्रत्येक मुलीला आपापली उपासना करण्याची येथे मुभा आहे, मग ती फक्त मलाच का नसावी? सदन मोडले नाही, पण पुण्याचा सुशिक्षित समाज आणि रमाबाई यांच्यात पडलेली भेग पुन्हा सांधली नाही.

त्यानंतरचा भाग सर्वांना माहीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. आईबाप गमावलेल्या, उपाशी मुली त्यांनी गोळा केल्या. त्या मुलींत त्यांना वीस वर्षांपूर्वीची रमा दिसली असेल हे सांगावयास नको. सुमारे तीनशे मुली घेऊन त्या केडगावच्या माळावर आल्या आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळे बायका चालवीत. याच आवारात त्यांनी कृपासदन नावाचे एक वेगळे घर बांधले. ते विधवांसाठी नव्हते आणि अनाथांसाठीही नव्हते. फुलहॅमला ज्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या होत्या तशा स्त्रियांसाठी ते होते. मनोरमाबाईंनी शिकून परत आल्यावर आईच्या कामाला हात लावला, आणि कानडी मुलखात गुलबर्गा येथे शांतिसदन ही शाळा निघाली.

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामात घातली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मुळावरून मराठीत आणले. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. त्यातील शब्द जुन्या धर्मकल्पना ओढून आणतात आणि खेड्यातल्या बाईला ते कळत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणारी पंडिता म्हातारपणी मराठी शुभवर्तमानातून एकेक संस्कृत शब्द वेचून बाहेर काढीत होती! भाषांतराचे खिळे त्यांच्याच मुली जुळवीत आणि छपाईही त्याच करीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांच्या लेकीमागे आईने मुद्रिते तपासणे चालूच ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ मध्ये, केडगावच्या त्याच छापखान्यातून.